गोल झाल्यानंतरची पाच मिनिटे

५ डिसेंबर २००४. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कप फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना रंगला होता. गोव्याचा डेम्पो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोच्या ख्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन स्ट्रायकरने पहिला गोल केला होता. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना चेंडू घेऊन तो पुन्हा गोलकडे धावला. समोरून गोलरक्षक झेपावला, दोघांची टक्कर झाली, पण तोवर चेंडू जाळ्यात गेला होता. दुसरा गोल झाला. ज्युनियर जो खाली पडला तो पुन्हा उठला नाही. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. त्याचे वय होते अवघे २५.

डेम्पोने तो सामना २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल त्याचेच होते. आदल्या हंगामात हाच खेळाडू ईस्ट बंगालकडून खेळला होता. त्या वर्षी ईस्ट बंगाल राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि लीगमध्ये सर्वाधिक गोल ज्युनियरच्या नावावर होते. डेम्पोने पुढे त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली आणि त्याच हंगामात पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. भारतातली त्याची कारकीर्द जेमतेम सुरू झाली होती.

त्या मृत्यूनंतर बरेच दिवस चर्चा चालली ती टकरीची. धक्का जाणूनबुजून दिला का, गोलरक्षकाला शिक्षा किती व्हावी, पंचांनी काय करायला हवे होते, यावर लोक भांडले. वैद्यकीय निष्कर्ष निघाला, हृदय बंद पडल्याने मृत्यू. पण हृदय बंद पडणे हे मृत्यूचे वर्णन आहे, त्याला कारण म्हणता येत नाही. अधिक उपयोगाचा प्रश्न वेगळाच होता आणि तो फारसा कोणी विचारला नाही. खेळाडू कोसळल्यापासून पुढच्या पाच मिनिटांत मैदानावर काय करता येते? ते कोणाला येते?

इथे एक घोळ आधी दूर केला पाहिजे. आपल्याकडे कोणीही अचानक गेला की ‘अटॅक आला’ असे म्हणतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि स्नायूला रक्त मिळेनासे होते. माणूस छाती धरून बसतो, त्याला घाम फुटतो, पण तो बोलतो आणि बहुतेकदा दवाखान्यापर्यंत जिवंत पोचतो. तरुण खेळाडू मैदानावर कोसळतो तेव्हा प्रकार बहुधा वेगळा असतो. हृदय एका विजेच्या लयीवर चालते. ती लय बिघडली की हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते. पंप बंद पडतो, मेंदूला रक्त जात नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. याला कार्डिअॅक अरेस्ट म्हणतात. या थरथरीवर उपाय एकच, बाहेरून दिलेला विजेचा झटका. तो मिळेपर्यंत छाती दाबून मेंदूकडे थोडेफार रक्त ढकलत राहायचे. काहीच केले नाही तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. दहा मिनिटांनंतर हिशेब करण्यासारखे फारसे उरत नाही.

पंचविशीतल्या, रोज सराव करणाऱ्या तरुणाची लय बिघडतेच का? कारणे अनेक आहेत. काहींच्या हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे प्रमाणाबाहेर जाड होतो. याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात आणि साधारण पाचशे माणसांत एकाला ती असते. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो २००३ च्या जून महिन्यात फ्रान्समधील लिऑन येथे कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कोसळला आणि गेला, तो याच आजाराने. काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या जन्मतःच चुकीच्या जागेतून निघालेल्या असतात. काहींच्या विजेच्या यंत्रणेत दोष असतो. काहींच्या हृदयाला साध्या विषाणूच्या तापात सूज येते आणि ताप उतरला तरी ती काही आठवडे टिकते. ‘दोन दिवस अंगात कणकण होती, पण फायनल होती म्हणून खेळला’ हे वाक्य म्हणूनच डॉक्टरांना घाबरवते. आणि क्वचित, पूर्ण निरोगी हृदयावर छातीला बसलेला आघात ठोक्याच्या चक्रातल्या एका अगदी नेमक्या क्षणी पोचतो आणि लय मोडतो. तो क्षण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. क्रिकेटचा चेंडू, कोपर, गुडघा, काहीही पुरते.

स्ट्रायकरचा खेळ बाहेरून आळशी वाटतो. तो बराच वेळ चालत असतो, उभा असतो, बचावपटूंच्या मागे रेंगाळतो. मग एकाएकी वीस-तीस मीटर जीव तोडून धावतो, वळतो, उडी मारतो, टक्कर घेतो. नाडी १८०-१९० पर्यंत जाते, रक्तात अॅड्रेनॅलिनचा लोंढा येतो. निरोगी हृदय हे सहज पेलते, किंबहुना अशाच व्यायामाने ते मजबूत होते. आधीच कुठे दोष दडलेला असेल, तर मात्र तो बाहेर येण्याची वेळ हीच. म्हणून मुलांना खेळापासून दूर ठेवावे असा अर्थ कोणी काढू नये. मोबाइल घेऊन पलंगावर पडलेल्या मुलांपुढचा धोका कितीतरी मोठा आहे, फक्त तो वीस वर्षांनी दिसतो.

मग सगळ्यांची आधीच तपासणी केली तर? इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची आहे आणि तिथल्या व्हेनेटो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू पुढच्या दोन दशकांत जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. पण इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९९६ ते २०१६ या वीस वर्षांत ११,१६८ किशोरवयीन फुटबॉलपटूंची ईसीजी आणि इकोने तपासणी केली. त्यातल्या ४२ जणांत जिवावर बेतू शकेल असा दोष सापडला. हा मोठाच फायदा. पण याच मुलांपैकी आठ जण पुढे हृदय अचानक बंद पडून गेले आणि त्या आठांतल्या सहा जणांची तपासणी ‘नॉर्मल’ होती. म्हणजे जगातल्या श्रीमंत फुटबॉल संघटनांपैकी एकीने, अनुभवी हृदयरोगतज्ज्ञांकडून, उत्तम यंत्रांवर केलेली तपासणीही हातातून निसटते.

त्या तुलनेत आपल्याकडचे ‘खेळण्यास योग्य’ असे प्रमाणपत्र कसे मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. शालेय स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्रीडाशिक्षक वीस-पंचवीस मुलांचे अर्ज घेऊन येतात. ओपीडीत आधीच शंभर रुग्णांची रांग असते. डॉक्टर नाव, वय, उंची, वजन पाहतो, छातीला स्टेथोस्कोप लावला तर लावतो आणि सही करतो. त्या सहीने शाळेची फाइल पूर्ण होते, मुलाच्या हृदयाविषयी काहीच कळत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारले तर अधिक हाती लागेल. धावताना किंवा खेळताना कधी बेशुद्ध पडला होतास का? धावताना छातीत दुखते किंवा छाती विचित्र धडधडते का? घरात कोणी चाळिशी-पन्नाशीच्या आत अचानक गेले आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर ईसीजी आणि इको झाल्याशिवाय सही नको. खेळून झाल्यावर उभ्या उभ्या येणारी चक्कर वेगळी आणि पूर्ण वेगात धावताना पाय गळून पडणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला ‘उपाशी असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

दोष सापडलाच तर पुढे काय, हा प्रश्न तितकाच अवघड. पंजाबचा अन्वर अली २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. तो बचावपटू. २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीच्या तपासणीत त्याच्या हृदयाचा स्नायू जाड असल्याचे आढळले. वय १९. भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखले, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तज्ज्ञांची मते मागवली गेली आणि अखेर २०२१ मध्ये तो एफसी गोवाकडून मैदानात परतला. पुढच्याच वर्षी तो भारताच्या मुख्य संघात आला आणि आशियाई कप पात्रता फेरीत हाँगकाँगविरुद्ध त्याने गोलही केला. याच्या उलट अर्जेंटिनाचा सर्जिओ अग्वेरो, जगातल्या नावाजलेल्या स्ट्रायकरांपैकी एक. मँचेस्टर सिटीसाठी २६० गोल करून तो बार्सिलोनाला आला. ३० ऑक्टोबर २०२१ च्या सामन्यात त्याला छातीत त्रास होऊन बाहेर जावे लागले, हृदयाच्या लयीत दोष निघाला आणि दीड महिन्यात, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्याने रडत रडत निवृत्ती जाहीर केली.

दोघांपैकी बरोबर कोण? दोघेही. ‘खेळ बंद’ हे डॉक्टरसाठी सर्वांत सोपे उत्तर असते, कारण त्यात डॉक्टरला धोका नसतो. पण एकोणीस वर्षांच्या मुलासाठी खेळ हे घर चालवण्याचे साधन असू शकते. त्याला धोका समजेल अशा भाषेत सांगणे, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे, दरवर्षी तपासणे, आणि तो खेळेल तिथे विजेचा झटका देणारे यंत्र आणि ते वापरणारा माणूस हजर असल्याची खात्री करणे, एवढे झाले तर काहींना खेळता येते. काहींना नाही. अन्वर अलीचे उदाहरण देऊन कोणी आपल्या मुलाचा रिपोर्ट घडी करून कपाटात ठेवू नये.

या सगळ्यातून एकच गोष्ट ठळक होते. तपासणीतून निसटलेला असो की धोका पत्करून खेळणारा, दोघांचाही जीव शेवटी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या हातात असतो. १७ मार्च २०१२ ला लंडनमध्ये बोल्टन संघाचा फॅब्रिस मुआंबा सामना चालू असताना कोसळला. त्याचे हृदय ७८ मिनिटे स्वतःहून चालत नव्हते. पण छाती दाबणे पहिल्या मिनिटापासून सुरू झाले, झटके देत राहिले, प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञ धावत मैदानात उतरला. मुआंबा वाचला. खेळ सोडावा लागला, पण माणूस वाचला. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ मार्चला, बंगळूरमध्ये जिल्हा लीगच्या सामन्यात बंगळूर मार्स संघाचा डी. व्यंकटेश कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. सहकाऱ्यांनी त्याला ऑटोरिक्षातून रुग्णालयात नेले. तो वाचला नाही. ज्युनियर गेला तेच हे शहर, आणि मध्ये सात वर्षे गेली होती.

डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये कोसळला तो प्रसंग अनेकांनी टीव्हीवर पाहिला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, आत डॉक्टरांनी छाती दाबली, एका झटक्यात लय परत आली. तीन वर्षांनी, युरो २०२४ मध्ये, छातीत बसवलेल्या छोट्या यंत्रासह त्याने स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला. त्याला वाचवणारे प्रशिक्षित वैद्यकीय पथक होते हे खरे. पण त्याच देशाने २००५ पासून शाळांत आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचे केले होते. परिणाम असा की २००१ मध्ये रस्त्यात-घरात कोसळलेल्या पाचांपैकी एकालाच शेजारच्या माणसाकडून छातीदाब मिळत होता, २०१० मध्ये तो जवळजवळ दोघांमागे एकाला मिळू लागला आणि महिनाभर जगणाऱ्यांचे प्रमाण तिपटीने वाढले.

हे पुसदच्या वाचकाला कशाला, असे कोणी विचारील. इथे फुटबॉलपेक्षा क्रिकेट आणि कबड्डीचे वेड मोठे. पण हृदयाला खेळाचे नाव कळत नाही. पहाटे गावाबाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. घड्याळाशी शर्यत, आणि त्या धावण्यावर सगळ्या घराची आशा. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार दगावले होते, ते अशाच घरांतले. विदर्भातल्या उन्हात भरतीचे धावणे म्हणजे त्यात शरीराचे पाणी आणि क्षार कमी होण्याचीही भर.

समजा पुसदच्या मैदानावर भर सामन्यात एखादा मुलगा कोसळला. पुढे काय होते ते डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. ‘पोट्ट्याला चक्कर आली, पाणी मारा!’ कोणीतरी बाटली ओतते. गर्दी जमते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत अंगाला झटके येऊ शकतात, ते पाहून लोक ‘मिरगी आहे’ म्हणतात आणि हातात किल्ली देतात, दात उघडायला बघतात. मग मुलगा मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा थांबून थांबून आचके देतो. लोक म्हणतात, श्वास चालू आहे. तो श्वास नसतो. ते आचके म्हणजे मेंदूला रक्त मिळत नसल्याची खूण. अशा वेळी नाडी शोधत बसणेही चुकीचे, घाबरलेल्या हाताला स्वतःचीच नाडी लागते.

नियम साधा आहे. कोणाशी टक्कर न होता, किंवा छातीला मार बसून, खेळाडू कोसळला, हाक मारून हलवल्यावर प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही, तर हृदय बंद पडले असे धरूनच चालायचे. एकाने नाव घेऊन दुसऱ्याला सांगायचे, ‘तू १०८ लाव.’ सगळ्यांना मिळून सांगितले तर कोणीच लावत नाही. स्वतः गुडघ्यावर बसून छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहातावर तळहात ठेवायचा आणि कोपरे न वाकवता दाबायचे. खोली पाच ते सहा सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, दुसऱ्याने जागा घ्यायची. तोंडाने श्वास देण्याचा संकोच वाटत असेल तर देऊ नये. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी नुसती छाती दाबण्याचीच पद्धत सांगितली आहे. बरगडी मोडेल ही भीती अनेकांना असते. मोडतेही. बरगडी जुळते. आणि मुलगा खरोखर चक्कर येऊनच पडला असेल तर तो पहिल्या दाबालाच ओरडून हात झटकेल, त्याचे फार नुकसान होत नाही.

१०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ती पाच मिनिटांत मैदानावर येईल ही अपेक्षाच चुकीची. ती येईपर्यंतचा वेळ गावाचा असतो. उपजिल्हा रुग्णालय गावात आहे, पण वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास. मेंदूच्या पाच मिनिटांपुढे हे अंतर आणि मुंबईचे अंतर सारखेच.

दिवाळीनंतर गावोगाव स्पर्धा सुरू होतात. मंडप, डीजे, चषक, पाहुण्यांचे शाल-श्रीफळ, पहिले बक्षीस एकावन्न हजार. यात गैर काही नाही, मुले खेळतात हेच मोठे. पण मैदानाची परवानगी देताना नगर परिषदेने एक अट घालावी. सामना चालू असताना छातीदाब शिकलेली किमान चार माणसे मैदानावर हजर असली पाहिजेत आणि त्यांची नावे अर्जात लिहिली पाहिजेत. पंच, स्कोअर लिहिणारा, चहावाला, कोणीही चालेल. शिकायला दोन तास लागतात, रबरी पुतळा लागतो आणि उपजिल्हा रुग्णालयातले डॉक्टर किंवा परिचारिका. महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी हे शिकून पुढे शिकवले तर एका हंगामात गावात शेकडो हात तयार होतील. मुलींनाही शिकवावे. त्यांच्या हातात जोर कमी, ही समजूत त्या पुतळ्यापुढे पाच मिनिटांत मोडते.

विजेचा झटका देणारे यंत्र, ज्याला एईडी म्हणतात, साधारण लाखभर रुपयांच्या आसपास येते. ते स्वतः बोलून सांगते कुठे पट्ट्या चिकटवायच्या, झटका गरजेचा आहे की नाही हे स्वतःच ठरवते, नको तिथे झटका देत नाही. दोन-तीन मंडळांनी मिळून एक घेतले तर स्पर्धा असेल तिथे ते फिरवता येईल. बॅटरी आणि पट्ट्यांची मुदत पाहण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी. आणि ते कुलपात ठेवू नये. आपल्याकडे किल्ली ज्याच्याकडे असते, तो नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो.